भिंतीतला पिंपळ आणि साता समुद्रापारचं नांदरूक

सोलापुरातल्या आमच्या जुन्या घराचं माळवद उतरवून स्लॅब टाकायचं ठरलं, तेव्हा मागच्या भिंतीत एक पिंपळ उगवलेला होता. झाड कसलं, चार पानं आणि करंगळीएवढं खोड. कामावरच्या गवंडीमामांना म्हटलं, आधी हे काढा. ते हातातली थापी खाली ठेवून म्हणाले, "ताई, पिंपळ हाय. दुसरं काय बी सांगा, याला आमी हात लावत न्हाई." त्यांचं मन मोडावंसं वाटलं नाही. भिंत वरून थराथराने उतरवत आणली आणि पिंपळ शेवटी मीच सोडवला.

तेव्हा त्याचं मूळ पाहिलं आणि थक्क झाले. वरचं झाड वीतभर. मूळ मात्र दोन दगडांमधल्या पांढऱ्या मातीतून वाट काढत थेट पायापर्यंत उतरलेलं, जवळजवळ माझ्या उंचीचं. जिथे फट अरुंद होती तिथे ते पट्टीसारखं चपटं झालं होतं आणि जागा मिळाली तिथे पुन्हा गोल. बाजूने निघालेली केसांसारखी बारीक मुळं दगडाला इतकी चिकटली होती की ओढताना दगडाचा कपचा सुटून हातात आला.

सोलापूरचं ऊन कुणाला सांगायला नको. पाऊस बेताचा, मे महिन्यात पारा चव्वेचाळीसच्या आसपास. अशा गावात दगडी भिंतीत, कुणी घोटभर पाणी न घालता, एखादं झाड जगतंच कसं? या प्रश्नाच्या मागे लागले आणि पार फ्लोरिडा आणि हवाई बेटांपर्यंत जाऊन पोहोचले. आपल्या पारावरच्या झाडांचे सख्खे भाऊबंद तिथे उपद्रवी म्हणून उपटले जातात. ते तिथे कसे गेले आणि इथलं गुणी झाड तिथे डोईजड कसं झालं, ते सांगते.

वड, पिंपळ, उंबर, पायर, नांदरूक ही सगळी एका घराण्याची झाडं. या घराण्याचं शास्त्रीय नाव फायकस. जगात त्याच्या साडेसातशेहून जास्त जाती आहेत. त्यांतल्या बऱ्याच जणांची खोड अशी, की आयुष्याची सुरुवात जमिनीवर करायची नाही. पावसाळी जंगलात जमिनीवर उजेड पोहोचत नाही, तिथे इवल्याशा रोपाचा निभाव लागणं कठीण. म्हणून यांचं बी दुसऱ्या झाडाच्या बेचक्यात रुजतं. कोकीळ, तांबट, साळुंकी, बुलबुल, वटवाघळं ही मंडळी फळं खातात, बी त्यांच्या विष्ठेतून वर फांदीवर पडतं आणि तिथेच रुजतं. दुसऱ्या झाडाच्या अंगावर राहणाऱ्या अशा वनस्पतीला मराठीत अपिवनस्पती म्हणतात.

इथे एक गल्लत नेहमी होते. अशा झाडाला लोक सर्रास बांडगूळ म्हणतात. बांडगूळ वेगळं. ते आंब्याच्या फांदीत आपली मुळं खुपसतं आणि आंब्याचंच पाणी पितं. पिंपळ किंवा नांदरूक यजमानाच्या रसाचा थेंबही घेत नाही. त्याला फक्त उंचावरची जागा हवी असते. सालीच्या खाचेत साठलेली धूळ, कुजलेली पानं आणि पावसाची ओल यांवर ते सुरुवातीचे दिवस काढतं. तेवढ्या वेळात एखादं मूळ खोडाच्या कडेकडेने खाली सोडतं. ते मूळ जमिनीला टेकेपर्यंत रोप रोपच राहतं, कधीकधी वर्षानुवर्षं. एकदा का माती लागली, की त्याची वाढ बघत राहावी. म्हणजे बालपण दुसऱ्याच्या खांद्यावर आणि मोठेपण स्वतःच्या पायावर. म्हणून शास्त्रज्ञ त्यांना अर्धी अपिवनस्पती मानतात.

हे जवळून बघायचं तर ओढ्याकाठची शिंदी बघा. शिंदीची जुनी झावळी गळते, पण तिचा बुडखा खोडाला तसाच राहतो आणि त्या खोबणीत कचरा, माती, ओल सगळं साठतं. पक्षी तिथेच बसतात. एका शिंदीच्या मध्यावर असं नांदरूक मी पाहिलंय. त्याची पाच-सहा मुळं शिंदीला कवेत घेऊन खाली उतरली होती आणि एकमेकांना भेटतील तिथे जुळून एकजीव झाली होती. साध्या झाडाचं खोड दरवर्षी जाड होतं, त्यामुळे अशा मुळांच्या जाळीत ते आवळलं जातं. शिंदी-ताडाचं खोड तसं जाड होत जात नाही, म्हणून ती या मिठीत बराच काळ टिकते. तिचं नुकसान होतं ते मुख्यतः वरून, नांदरुकाच्या दाट सावलीमुळे.

आता भिंतीचं कोडं सुटतं. पिंपळाच्या बियाला भिंत आणि फांदी यांतला फरक कुठला कळायला? भुईकोट किल्ल्याचा बुरूज असो, बंद गिरणीची उंच भिंत असो, नाहीतर आमच्या मागच्या खोलीची. फट आहे, चिमूटभर धूळ आहे, वर पक्षी बसतो, बस्स. सोलापूरच्या उन्हात तगण्याची ताकद त्याच्यात मुळातच आहे, कारण उंच फांदीवरचं बालपणही कोरडंच असतं. चार दिवस पाऊस नसला की तिथेही दुष्काळच. मुळं दगड फोडतात हे म्हणणंही पूर्ण खरं नाही. मूळ आधीच असलेल्या फटीत शिरतं, मग वर्षागणिक जाड होत ती फट रुंदावत नेतं. फुटते ती भिंतच, पण तिची वाट आपण डागडुजी न करून मोकळी ठेवलेली असते.

तर, बी कुठेही रुजू शकतं. मग ही झाडं जगभर केव्हाच का नाही पसरली? कारण आधी बी तयार व्हावं लागतं, आणि इथे या घराण्याचा एक विलक्षण अडसर आहे.

न दिसणाऱ्या गोष्टीला आपण उंबराचं फूल म्हणतो. खरं तर उंबराला फुलं भरपूर असतात, ती दिसत नाहीत इतकंच. ज्याला आपण फळ समजतो ती आतून पोकळ थैली असते आणि तिच्या आतल्या बाजूने शेकडो बारीक फुलं लागलेली असतात. बाहेर जायला एकच दार, देठाच्या समोरच्या टोकाला असलेलं बारीक छिद्र. वारा आत जात नाही, मधमाशी आत जाऊ शकत नाही. आत शिरते ती चिलटाहूनही लहान अशी एक गांधीलमाशी. मादी त्या छिद्रातून स्वतःला आत रेटते, त्या झटापटीत तिचे पंख बहुतेकदा मोडून जातात. आत काही फुलांत ती अंडी घालते, अंगावर आणलेले परागकण बाकीच्या फुलांना लावते आणि तिथेच मरते. काही आठवड्यांनी तिची पिल्लं तयार होतात. नर आधी बाहेर येतात. त्यांना पंख नसतात. ते माद्यांशी मिलन करतात, फळाच्या भिंतीला बोगदा पाडतात आणि त्यांचं आयुष्य संपतं. माद्या अंगाला पराग घेऊन त्या बोगद्यातून उडतात. दुसरं कच्चं फळ शोधायला त्यांच्या हाती जेमतेम एक-दोन दिवस असतात. पिकलेलं उंबर फोडलं की केंबरं उडतात, ती हीच मंडळी आणि त्यांच्यासोबत फुकट राहायला आलेले त्यांचे नातलग.

मला यातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती अशी, की जवळजवळ प्रत्येक जातीची माशी वेगळी. पिंपळाची माशी वडाच्या कामाची नाही, वडाची नांदरुकाच्या कामाची नाही. कुलूप एक, किल्ली एक. ही जोडी कोट्यवधी वर्षांपासून चालत आलेली आहे. नांदरूक परमुलखात नेऊन लावलं तर ते वाढेल, सावली देईल, त्याला बारीक फळंसुद्धा दिसतील. पण माशी नसेल तर त्यात रुजणारं बी धरणार नाही. लावलेल्या जागी ते निमूट उभं राहील.

परदेशात अनेक वर्षं घडलं ते असंच. नांदरूक मूळचं श्रीलंका-भारतापासून आग्नेय आशिया, दक्षिण चीन आणि ऑस्ट्रेलियापर्यंतचं. दाट, सदाहरित, छाटावं तसा आकार घेणारं. साहजिकच उष्ण हवेच्या शहरांनी ते रस्त्यांच्या कडेला हौसेने लावलं. वडालाही असंच मानाने नेलं. हवाईतल्या लाहायना गावचा प्रसिद्ध वड 1873 साली लावला गेला, रोप भारतातून आलेलं. 2023 च्या ऑगस्टमध्ये ते गाव वणव्यात जळालं तेव्हा तोही होरपळला, आणि पुढे त्याला नवी पालवी फुटली तेव्हा तिथल्या लोकांना रडू आवरेना. फ्लोरिडात थॉमस एडिसनच्या अंगणात 1925 साली लावलेला वडही भारतातलाच. लावला तेव्हा ते जेमतेम चार फुटांचं रोप होतं, आज त्याच्या पारंब्यांखाली पर्यटक फिरतात. परक्या मुलखातल्या झाडावर माणसं किती जीव लावतात ते यातून दिसतं. सगळं परकं झाड वाईट, असं म्हणणाऱ्यांतली मी नाही.

मग बिनसलं कुठे? दोन ठिकाणी, दोन तऱ्हांनी.

पहिलं ठिकाण हवाई. तिथे मोकाट गुराढोरांनी आणि जंगलतोडीने डोंगर उघडे पडले होते. उसाच्या मळ्यांना पाणी हवं, पाण्यासाठी डोंगरावर जंगल हवं. मळेवाल्यांच्या संघटनेचे वनस्पतिशास्त्रज्ञ हॅरोल्ड लायन यांना वाटलं, फायकसची झाडं लवकर वाढतात, दगडात रुजतात, पक्षी त्यांचं बी आपोआप पेरतील. अडचण एकच, किल्ली नव्हती. हवाईत फायकसची एकही स्थानिक जात नाही, मग माशी कुठून असणार? तेव्हा माशीच आणायचं ठरलं. ऑस्ट्रेलियातल्या जातींसाठी 1920 च्या दशकात आणि नांदरुकासाठी 1938 साली, माशा मुद्दाम आणून सोडल्या गेल्या. बेत सफल झाला, फार सफल झाला. नांदरूक दऱ्याखोऱ्यांत, इमारतींच्या कडांवर, पुलांच्या सांध्यांत, स्थानिक झाडांच्या बेचक्यांत उगवू लागलं. ज्या जंगलातल्या झाडांना अशा मिठीची कधी सवयच नव्हती, तिथे मिठी मारणारं झाड आलं.

दुसरं ठिकाण फ्लोरिडा. इथे कुणी माशी आणली नाही. कित्येक दशकं नांदरूक रस्त्याकडेला गुपचूप उभं होतं आणि 1970 च्या दशकात मायामीत त्याची माशी आपली आपण प्रकट झाली, बहुधा एखाद्या आयात झाडाच्या फळात बसून. त्यानंतर रोपं भराभर दिसू लागली. तिथल्या शिंदीसारख्याच एका ताडाच्या बुडख्यांत, चुनखडीच्या भिंतींत, गटारांच्या तोंडाशी. आज फ्लोरिडात स्थानिक निसर्ग बिघडवणाऱ्या वनस्पतींच्या यादीत नांदरूक पहिल्या वर्गात आहे. वडाचीही माशी तिथे पोहोचलेली आहे, त्यामुळे आपला राष्ट्रीय वृक्षही तिथे आपोआप उगवतो.

लावल्यापासून बिघाडापर्यंत मधे गेलेला काळ इथे फार महत्त्वाचा. "इतकी वर्षं काही झालं नाही, आता काय होणार" असं आपण कितीतरी बाबतीत म्हणतो. नांदरूक तितकी वर्षं थांबलं होतं, ते एका चिलटाएवढ्या माशीसाठी. आणि या माशा वाऱ्यावर किती दूर जातात याचाही अंदाज आपल्याला नसतो. नामिबियाच्या वाळवंटात उंबराच्या एका आफ्रिकी भाऊबंदाच्या माशांनी दीडशे किलोमीटरहून जास्त अंतर कापल्याचं आढळलंय. एक-दोन दिवसांच्या आयुष्यात.

बर्म्युडा बेटाची गोष्ट सोलापूरकराला नीट कळेल. तिथे नदी नाही. लोक घराच्या छपरावरचं पावसाचं पाणी खालच्या टाकीत साठवतात आणि वर्षभर तेच पितात. छपराच्या कोपऱ्यात, भिंतीच्या चिरेत उगवलेलं नांदरूक मुळं सोडतं ती ओलीच्या वासाने थेट टाकीकडे. टाकीला तडा जातो, पाणी झिरपतं, घर कोरडं पडतं. आपल्याकडे चार-पाच दिवसांनी नळ येतो म्हणून ज्यांनी हौद बांधलेत, त्यांनी नुसती कल्पना करून बघावी.

मग परकं म्हणजे काय आणि आक्रमक म्हणजे काय? जैवविविधतेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंचाने 2023 साली एक मोठा अहवाल काढला. त्यात माणसाने इकडून तिकडे नेलेल्या सजीवांच्या सदतीस हजारांहून जास्त जाती मोजल्या आहेत. त्यांतल्या साडेतीन हजारांच्या वर जाती घातक ठरल्या. म्हणजे दहातली एखादी. मिरची, टोमॅटो, भुईमूग सगळे परदेशातून आलेले, त्यांच्याविना सोलापूरची शेंगाचटणी कशी झाली असती? परकं असणं हा दोष नव्हे. परकी जात माणसाच्या मदतीशिवाय स्वतः वाढू लागली, पसरू लागली आणि तिथल्या मूळच्या सजीवांची जागा घेऊ लागली, की तिला आक्रमक म्हणायचं.

आणि तीच जात आपल्या मायभूमीत आक्रमक का ठरत नाही? कारण तिथे तिला आवर घालणारी मंडळी असतात. नांदरुकाचं दुमडलेलं पान उघडून बघा. आत काळे, तांदळाच्या कणीपेक्षा बारीक किडे भराभरा पळतात. हे त्याच झाडावर पोसलेले फुलकिडे. फळांत परागाचं काम न करता नुसतीच अंडी घालणाऱ्या दुसऱ्या माशा असतात, त्या बियांचा वाटा खातात. कोवळं रोप शेळ्या सोडत नाहीत. अशा हजार कात्र्यांमधून जे वाचतं ते मोठं होतं. परमुलखात पोहोचताना या कात्र्या सुरुवातीला तरी मागे राहतात. पुढे त्यांतले काही किडे मागोमाग पोहोचतात खरे, पण तोवर झाडाने बस्तान बसवलेलं असतं.

याच तऱ्हेची आणखी दोन झाडं सांगते, कारण ती रोपवाटिकेत सहज मिळतात. शेफलेरा, छत्रीसारखी पानं असलेलं. मूळचं ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडचं आणि न्यू गिनीचं. मोठ्या जातीचा शेफलेरा रानात दुसऱ्या झाडांवर उगवतो आणि फ्लोरिडा, हवाईत डोकेदुखी होऊन बसलाय. दुसरं क्लुसिया, कॅरिबियन बेटांचं. त्याच्या जाड पानावर नखाने नाव कोरलं की ते तसंच राहतं, म्हणून हौशी लोक ते लावतात. हवाई आणि श्रीलंकेत तेही मोकाट सुटलंय. सोलापूरच्या कोरड्या हवेत ही दोन्ही कुंडीबाहेर पडण्याची मला भीती वाटत नाही. कोकणात, घाटात लावताना मात्र दहादा विचार करावा.

आपल्या जिल्ह्याला याची झळ वेगळ्या झाडांनी लागली आहे. तलावांच्या काठी, पडीक रानात, रस्त्याकडेला माजलेली वेडी बाभूळ अमेरिका खंडातली. नान्नजच्या माळरानाची गोष्ट तर मला हवाईच्या गोष्टीची सख्खी बहीण वाटते. माळढोक पक्ष्यासाठी 1979 साली तिथे अभयारण्य झालं. माळढोकाला उघडा, गवताळ माळ लागतो, दूरवर नजर पोहोचेल असा. पण उघडा माळ म्हणजे ओसाड जमीन, तिथे झाडं लावणं म्हणजे पुण्य, हीच समजूत आपल्याकडे अनेक वर्षं होती. गिरिपुष्पासारखी भराभर वाढणारी परदेशी झाडं माळावर लावली गेली. लावणाऱ्यांचा हेतू लायन यांच्याइतकाच चांगला होता. गवत मात्र झाडाखाली गेलं, आणि माळढोक नान्नजला आता जवळजवळ दिसेनासा झालाय. त्यामागे शिकार, शेती, विजेच्या तारा अशी इतरही कारणं आहेत. तरी लहानपणी ज्या पक्ष्याचं नाव जिल्ह्याची ओळख म्हणून घोकलं, तो नुसता फलकावर उरावा याचं मला फार वाईट वाटतं.

भिंतीतल्या पिंपळाचं काय करायचं, हे मला आता पुष्कळ जण विचारतात. नुसता वरून छाटला तर तो पुन्हा फुटतो, दुप्पट जोमाने, कारण मूळ आत जिवंत असतं. पाच-सहा पानांचा असतानाच, पावसाळ्यात भिंत ओली असते तेव्हा, मुळासकट सोडवावा आणि फट लगेच बुजवावी. मोठं झाड जुन्या वास्तूत असेल तर ओढाओढ करू नये, अख्खा चिरा निखळतो, ते जाणकारांचंच काम. आणि ज्यांना पाप लागेल असं वाटतं त्यांच्यासाठी, सोडवलेलं रोप मरतंच असं नाही. आमचं मी ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवलं होतं. गवंडीमामांनी दुसऱ्या दिवशी ते आपणहून मागून नेलं आणि त्यांच्या वस्तीतल्या मारुतीच्या कट्ट्याजवळ लावलं. मातीत उतरल्यावर दोन पावसाळ्यांत ते त्यांच्या डोक्याच्या वर गेलं.

नव्या स्लॅबवर मी कुंडीत एक नांदरूक आणून ठेवलंय, बोन्सायचं, जाडजूड मुळांचं. गेल्या श्रावणात त्याला वाटाण्याएवढी फळं धरली. एक पिकलेलं तोडून तळहातावर नखाने फोडलं. तिसऱ्या मजल्याची उंची, खाली रहदारीचा रस्ता, आसपास नजर पोहोचेल तिथवर दुसरं नांदरूक नाही. तरी आतून एक केंबरू निघालं, तळहातावर दोन पावलं चाललं आणि उडून गेलं. उरलेली फळं मी मोजली, अकरा होती. आता कठड्याच्या भेगा मी दर रविवारी बघते.